ती चेन मी दिली होती

अहो, तुम्ही गेल्यापासून दुकानाचं शटर मी रोज उघडते. लोकांना वाटतं, बाई सावरली. सावरते कसली, घरात बसवत नाही म्हणून पुढे येते. आपलं घर म्हणजे दुकानामागची खोली आणि स्वयंपाकघर. तिथे दाराशी तुमची चप्पल अजून तशीच आहे आणि मला ती उचलवत नाही. इथे निदान काउंटरची काच पुसता येते. कुणी आलं की मी म्हणते, ‘ते नाहीत,’ आणि माझी मलाच ऐकू येते ती भाषा, जणू तुम्ही वापीला माल आणायला गेला आहात आणि जेवायच्या वेळेला परत याल.

सव्वा महिना झाला. भाऊजी शिरपूरहून आले, त्यांनी सगळं रीतीप्रमाणे पार पाडलं, कशात कमी पडू दिलं नाही. जाताना मात्र म्हणाले, “वहिनी, आते हाऊ माल कोन्ले तरी दी टाका आनि गावले चला. तुम्हले त्या चेनमाधलं काय समजस?” मी मान खाली घालून ऐकून घेतलं. त्यांचं चुकलं नाही. गेल्या सात वर्षांत मला कुणी दुकानात करवतीची चेन विकताना पाहिलेलं नाही. चहा आणून देताना पाहिलंय, गिऱ्हाइकाला बाकावर बसवताना पाहिलंय. चेनच्या कपाटाला मी तोवर हात लावला नव्हता, आणि का लावला नव्हता ते तुम्हाला माहीत होतं आणि मला.

तेच सांगायला आज बसले आहे. रडून झालंय, ते परत येईल तेव्हा येईल. पण एक गोष्ट माझ्या तोंडून तुम्हाला सांगायची राहिली. तुम्हाला ती ठाऊक होती, याबद्दल मला शंका नाही. तरीही तुम्हाला ठाऊक असणं वेगळं आणि मी कबूल करणं वेगळं. शंकरभाईला ती चेन तुम्ही दिली नव्हती. मी दिली होती.

आता कसं बरं वाटेल म्हणत होते, तर काहीच वाटलं नाही. सगळं सांगावं लागेल, पहिल्यापासून.

तुम्ही यार्नच्या कंपनीत मेंटेनन्सला होतात तेव्हा मला वाटायचं, हा माणूस मशीनशी जितका गोड बोलतो त्याच्या निम्मं माझ्याशी बोलला तरी पुरे. मग कंपनीतून बाहेर पडून तुम्ही हे दुकान टाकलंत. झाडं कापायच्या मशीनचे बार आणि चेन. मी म्हटलं होतं, किराणा टाका, कपडे टाका, झाडं कापणारे असे किती असणार? तर तुम्ही बोटावर मोजायला लागलात. दुधनीकडचे, अथालचे, खेरडीचे, कंपन्यांच्या आवारात फांद्या छाटणारे, वादळानंतर रस्त्यावरची झाडं हलवणारे. “मशीन एक डाव लेतस,” तुम्ही म्हणालात, “चेन जलमभर लेतस.” त्या दिवशी तुमच्या डोळ्यांत जी चमक होती ती आपल्या लग्नातही नव्हती. हे मी तुम्हाला तेव्हाही ऐकवलं होतं.

आणि काय तुमचा तो खाक्या! माणूस यायचा, म्हणायचा, सोळा इंची चेन द्या. तुम्ही चष्म्यावरून त्याच्याकडे बघायचात. “जुनी आणली का?” नसेल आणली तर परत जा. बिचारा दुधनीहून घाट चढून-उतरून आलेला असायचा, तरी परत जा. मी आतून हातवारे करायची की द्या हो, पुढच्या वेळी तो वापीला जाईल. तुम्ही ढिम्म. गिऱ्हाईक गेल्यावर मला समजवायला बसायचात. इंच म्हणजे पट्टीची, चेन जिच्यावर फिरते त्या बारची लांबी, बाकी काही नाही. सोळा इंची पट्टीवर चार तऱ्हेच्या चेन बसल्यासारख्या वाटतात आणि त्यातली एकच खरी बसते. “इंच नको इचारू, शोभा. इंच तं सारा जगच सांगस.”

तीन मापं तुम्ही मला शिकवलीत. तीन रिबिटींमधलं अंतर. मग पट्टीच्या खाचेत जे खालचे दात बसतात त्यांची संख्या. आणि त्या खालच्या दातांची जाडी, जी खाचेच्या रुंदीला तंतोतंत जुळली पाहिजे. मोजताना पहिलाच दात शेवटी पुन्हा मोजला जायचा, एकाने चुकायचं, म्हणून तुम्ही जाऊन लाल नेलपॉलिशची बाटली आणलीत. पहिल्या दातावर एक टिपका, मग मोजायला सुरुवात. काउंटरवर ती बाटली बघून गिऱ्हाइकं आधी माझ्या नखांकडे बघायची. जन्मात मी नखं रंगवली नाहीत, आणि सिल्वासात निम्म्या लोकांचा समज की शेठ बायकोला नटवतात.

जाडी मोजायला तुमचा तो कंपनीतला व्हर्निअर. त्याने तुम्ही काय मोजायचं सोडलंत? संक्रांतीला मला बांगड्या भरायला घेऊन गेलात तर खिशातून व्हर्निअर काढून जुन्या बांगडीचं आतलं माप घेतलंत आणि कासारणीला मिलिमीटरमध्ये सांगितलंत. ती बाई हसता हसता खाली बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बांगड्या बसल्या हो. हाताला साबण न लावता, न ओरखडता, पहिल्यांदा आयुष्यात कुणी माझ्या मापाच्या बांगड्या घेतल्या होत्या. तेव्हा तुम्हाला मी रस्ताभर बोलत आले, छान आहेत असं एकदाही म्हटलं नाही. आज म्हणते.

शंकरभाई आपल्याकडे पहिल्यांदा आला तोही परत पाठवलेला माणूस. खेरडीला थोडी शेती आणि उरलेल्या दिवसांत झाडं तोडायचं काम. तुम्ही त्याला परत पाठवलंत तर तो चिडला नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी जुनी चेन जानव्यासारखी खांद्यावरून घालून हजर. पायरीशी चपला काढून आत आला. तुम्ही म्हणालात, हे काय देऊळ आहे का. तो म्हणाला, “शेठ, ज्या दुकानात मालाला एवढा भाव देतात तिथे चप्पल नाय घालायची.” तुम्ही असे काही खूश झालात की त्या दिवसापासून तुमची दोस्ती.

दर सोमवारी यायचा. त्याच्या हाती कधी शेवग्याच्या शेंगा, कधी वाल, आंब्याच्या दिवसांत आंबे. तुम्ही दोघं बाकावर समोरासमोर बसून चेनला कानस मारत बसायचात आणि तासन् तास वाद. तुम्ही म्हणायचात, प्रत्येक दाताला मोजून तितकेच हात मारायचे, एक कमी नाही, एक जास्त नाही. तो म्हणायचा, खैराच्या लाकडाने दात बोथट झाला असेल तर तुमचं मोजणं काय कामाचं, दातालाच विचारायचं. मी चहा आणला की दोघंही माझ्याकडे न्याय मागायचे. मी म्हणायची, तुम्ही दोघं आधी एकमेकांशी लग्न करा, मग मी न्याय देते.

तुम्ही त्याच्यामुळे झाडं ओळखायला शिकलात आणि तो तुमच्यामुळे पट्टी जपायला शिकला. दर वेळी चेन काढली की पट्टी उलटी लावायची, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. तव्यावरची पोळी उलटत नाही का तशी, असं तुम्ही सांगायचात. पट्टी काचेवर उभी करून बघायची, कलंडली तर तिचे दिवस भरले. हे सगळं मी आतून, पडद्यामागून ऐकत होते. ऐकून ऐकून शिकत होते. दुपारी तुम्ही जेवायला बसलात की काउंटरला मी उभी राहायची, आणि तुम्ही मला अडवत नव्हतात. उलट घास घेता घेता ओरडून सांगायचात, “कसाले घाई करस व? पहिले देख, मंग दे.”

त्या दिवशी तुम्ही जेवत नव्हतात. कंपनीतल्या जुन्या साहेबांनी बोलावलं म्हणून गेला होतात. जाताना म्हणालात, शंकरभाई येईल, त्याची चेन कागदात गुंडाळून काउंटरवर ठेवलीय, ती दे. मी हो म्हटलं. मग काच पुसायला घेतली, पुसताना काउंटरवरचं सगळं बाजूला केलं, आणि ते पुडकं, कोणाचं काय म्हणून न बघता, व्हर्निअरच्या खणात पार मागे सारलं. शंकरभाई आला तेव्हा काउंटर लखलखीत आणि रिकामा. मला वाटलं, तुम्ही ठेवायला विसरलात. तुम्ही विसरलात, या कल्पनेने मला काय आनंद झाला म्हणून सांगू! म्हटलं, आता मी देऊन दाखवते.

त्याच्या मशीनची पट्टी सोळा इंची हे मला माहीत होतं. खालचे दात सहासष्ट, हेही ऐकून ऐकून पाठ होतं. मी खुंटीवरून चेन काढली, आत नेली, नेलपॉलिशचा टिपका दिला, दोनदा मोजली. सहासष्ट. रिबिटींचं अंतर जुळलं. जाडी मी मोजली नाही. व्हर्निअर खणात होता, खण उघडायचा कंटाळा केला असंही नाही. दोन मापं जुळल्यावर मला वाटलं, जुळलं. कागदात गुंडाळून त्याच्या हातात ठेवली.

तेव्हा त्याने विचारलं, “भाभी, शेठने बघितली ने?”

आणि मी म्हटलं, “हो. त्यांनीच काढून ठेवलीय.”

हे खोटं मी का बोलले, याचा विचार मी सात वर्षं केला. नाही म्हटलं असतं तर तो हसून म्हणाला असता, मग थांबतो. बाकावर बसला असता. तुम्ही आल्यावर तुमच्या हातून घेतली असती आणि मी आत जाऊन चहा टाकला असता. मला तेवढं नको होतं. माझ्या हातची चेन एकदा तरी कुणी निमूटपणे घेऊन जावी, एवढंच हवं होतं.

खाच रुंद, चेन बारीक. बसली, फिरलीही, पण खाचेत डुलत राहिली. तुम्हीच सांगायचात की अशी चेन वाकडी कापते आणि कधीतरी उडते. चार दिवसांनी आंब्याची फांदी कापताना ती उडाली आणि त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं फाडून गेली. बोटं राहिली, पण आतली शीर तुटली. ती पुन्हा कधी मिटली नाहीत.

हाताला बँडेज बांधून तो आला तो दिवस तुम्हाला आठवत असेल. आठवतच असेल. त्याच्या भावाने मशीन काउंटरवर आणून ठेवली. शंकरभाई या वेळी चप्पल घालून आत आला. तुम्ही चेन बोटांत धरली आणि मापायच्या आधीच तुमचा चेहरा उतरला. तरी तुम्ही खण उघडलात, व्हर्निअर काढायला. या वेळी खण पुरता बाहेर आला आणि मागे तुमचं ते पुडकं होतं, जसंच्या तसं. मी स्वयंपाकघराच्या दारात, हाताला कणीक. तुम्ही पुडक्याकडे बघितलंत. मग माझ्याकडे. मग खण बंद केलात, व्हर्निअर न काढताच, आणि म्हणालात, “शंकरभाई, माझ्या हातून चुकलं. जाडी बघायची राहिली.”

तो तुमच्याकडे वळला. मग म्हणाला, “शेठ, मी कधी तुमच्याकडून चेन मोजून नाय घेतली. डोळे मिटून घेतली.” तेवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

अहो, मी दारात होते. चार पावलांवर. तोंड उघडायला किती वेळ लागतो? मला वाटलं, तुम्ही बोललात ना, आता मी बोलले तर तुम्ही खोटे पडाल. असं मी स्वतःला सांगितलं. खरं एवढंच की मी घाबरले होते, आणि तुम्ही पुढे झालात तशी मागे राहून मी सुटले.

तुम्ही दवाखान्यात जात राहिलात, मी डबा करून देत राहिले. शंकरभाई डबा न उघडता तसाच परत करायचा. तुम्ही रस्त्यात कुणाला तरी देऊन टाकायचात आणि मला सांगायचात की त्याने खाल्ला. मला भाजीच्या तेलाच्या कडेवरून कळायचं की डबा कुणी घाईघाईने, भुकेने खाल्लाय. आजारी माणूस असा खात नाही. तेही मी बोलले नाही. आपल्या घरात तेव्हापासून न बोलायच्या गोष्टींची रांगच लागली.

मग तुम्ही कपाटाला कुलूप आणलंत. सगळ्या चेन खुंटीवरून काढून आत ठेवल्यात आणि किल्ली खिशात घातलीत. मला एका शब्दाने विचारलं नाहीत, एका शब्दाने रागावला नाहीत. मला रागावणं हवं होतं. तुम्ही ओरडला असतात, भांडी आपटली असतीत, तर मीही ओरडले असते, रडले असते आणि सगळं बाहेर पडलं असतं. तुम्ही काय केलंत, तर माझी चूक उचललीत आणि स्वतःच्या खिशात घातलीत, किल्लीबरोबर. आणि मी त्या कुलपाचाच राग धरून बसले. चोराच्या बाबतीत करावं तसं माझ्या बाबतीत केलं, असं मी मीनलला फोनवर सांगितलं. लेकीलासुद्धा मी अर्धंच सांगितलं, बघा.

एकदाच, दोनेक वर्षांनी, आपलं यावरून भांडण झालं. मी म्हटलं, माझ्यावर विश्वास नाही तर सरळ सांगा. तुम्ही म्हणालात, “इस्वास नही म्हनीसन नही व. तुन्हा हात कापे, म्हनीसन.” माझा हात कापत होता हे खरं होतं. त्या दिवसानंतर कात्री धरतानाही कापायचा. पण मला तेव्हा ते पटलं नाही. मी म्हटलं, निमित्त सांगू नका. तुम्ही ताट बाजूला सारून उठलात. ते भांडण तिथेच राहिलं. मला अजूनही कळत नाही की तुम्ही कुलूप मला जपायला लावलं होतं की माझ्यापासून गिऱ्हाइकांना. बहुतेक दोन्ही. आता कोणाला विचारू?

शंकरभाई आला नाही तो आलाच नाही. सोमवारी तुम्ही बाकावर बसायचात, कानस घेऊन, एकटे. पुढे पुढे सोमवारी तुम्ही मुद्दाम वापीची कामं काढायला लागलात. खेरडीहून कुणीतरी येऊन सांगितलं की तो सगळ्यांना सांगतो, शेठची नजर गेली आता, तिथे जाऊ नका. तुम्ही ऐकून नुसतं ‘हां’ म्हणालात. ज्या माणसाने आयुष्यभर केसाएवढा फरक सोडला नाही, त्याची नजर गेली! तरी मी चहा गाळत राहिले.

आणि अथालच्या पुलाचा दिवस. तुम्ही स्कूटरवरून येत होतात, तो समोरून पायी. तुम्ही स्कूटर थांबवलीत, उतरलात, आणि त्याने नदीकडे तोंड फिरवलं. तुम्ही पुलावर उभे राहिलात आणि तो तुमच्या बाजूने निघून गेला. हे तुम्ही मला सांगितलं नाहीत, नळाचं सामान विकणाऱ्या पलीकडच्या दुकानदाराने सांगितलं, तो तुमच्या मागेच होता. त्या दुपारी तुम्ही जेवला नाहीत. भूक नाही म्हणालात. मी ताट झाकून ठेवलं आणि तुमच्या शेजारी बसले. अगदी ओठांवर आलं होतं. म्हणणार होते की उद्या मी खेरडीला जाते आणि त्याला सांगून येते. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, “जाऊ दे ना व.” मी काहीच बोलले नव्हते, तरी तुम्ही म्हणालात, जाऊ दे. आणि मी जाऊ दिलं. इतकं सोपं होतं ते माझ्यासाठी.

तुमच्या माझ्यावरच्या मायेचा मी फायदा घेतला, दुसरं काही नाही. हे सांगताना माझा मला संताप येतोय. आणि तुमचाही येतोय, अहो. माझी चूक मला का नाही सोसू दिलीत? मी काय काचेची होते? तुमच्या जाण्याला सव्वा महिना झाला आणि मी तुमच्याशी भांडते आहे, पण आता नाही तर कधी भांडू? ज्या संसारात एक माणूस सगळं पोटात घालतो, तिथे दुसऱ्याला कायम लहानच राहावं लागतं. तुम्ही मला फुलासारखं जपलंत आणि मी शहाणी व्हायची राहिले.

तुमच्या वेळी खेरडीहून कोण कोण आलं होतं. मी त्या गर्दीतही बघत होते. तो नव्हता.

काल तो आला.

सकाळचे अकरा वाजले असतील. मी काच पुसत होते आणि पायरीवर सावली पडली. केस पांढरे झालेत त्याचे, खांदे उतरलेत. पायरीशी घुटमळला, मग खाली वाकून चपला काढल्या. डाव्या हाताने खताच्या गोणीतून बार आणि चेन काढली आणि काउंटरवर ठेवली. “भाभी, जोडी पाहिजे. बार ने चेन.” तुमच्याबद्दल एक अक्षर नाही. फोटोला घातलेल्या हाराकडे त्याने बघितलं आणि नजर काढून घेतली.

मी किल्ली घेऊन कपाट उघडलं. हात कापत होता, पण बाहेरून दिसण्याइतका नाही. मी घाई केली नाही. तीन रिबिटींचं माप घेतलं. टिपका लावला, मोजलं, सहासष्ट. व्हर्निअरने खालच्या दाताची जाडी घेतली, खाच बघितली, दोन्ही जुळली. मग कापायचे दात एकेक करून उजेडात धरले. पट्टी काचेवर उभी केली. सरळ उभी राहिली. कडांवरून नख फिरवलं, कुठे कूस नाही. मला समजेना. पुन्हा पहिल्यापासून बघितलं, म्हटलं माझंच चुकत असेल. पण चुकत नव्हतं. दात निम्म्याहून जास्त शिल्लक होते आणि कानस तर अशी एकसारखी मारलेली की प्रत्येक दाताला मोजूनच हात दिलेले असणार.

“शंकरभाई,” मी म्हटलं, “चेन चांगली आहे. पट्टीही चांगली आहे. आता बदलायची गरज नाही.”

“खबर आहे मला,” तो म्हणाला.

मग रिकामी गोणी डाव्या हाताने सारखी करत म्हणाला, “शेठ गेला ते मला उशिरा नाय खबर पडली, भाभी. त्याच दिवशी पडली. कोणत्या तोंडाने यायचं? शेठबद्दल मी गावात लई बोललो. मग विचार केला, चेन घ्यायला तर कोणी पण येऊ शकते.”

अहो, तो तुम्हाला भेटायला आला होता. चांगली चेन मशीनवरून उतरवून, गोणीत घालून.

मी बसले नव्हते, उभीच होते, आणि उभ्यानेच सांगितलं. तयारी केलेलं एकही वाक्य आठवलं नाही. म्हटलं, शंकरभाई, त्या वेळची चेन त्यांनी काढलेली नव्हती. तुमची त्यांनी मोजून, बांधून ठेवलेली चेन खणात राहिली. तुम्हाला दिली ती मी खुंटीवरून काढली. तुम्ही विचारलंत, शेठने बघितली ना, तर मी हो म्हटलं. त्यांनी बघितली नव्हती.

त्याने उजवा हात काउंटरवर ठेवला. ती दोन बोटं काचेवर सरळ, बाकीची मिटलेली. त्यांच्याकडे बघत तो म्हणाला, “शेठला खबर होती?”

“होती. तुमच्यासमोरच कळलं त्यांना.”

“तरी नाय बोलला.”

“नाही.”

“ने तुम्ही पण नाय.”

“मी पण नाही.”

मी सगळ्याची तयारी ठेवली होती. शिव्यांची, बार आपटण्याची, गावभर बोभाटा होण्याची. तेही मला चाललं असतं, माझ्या वाट्याचं मला एकदाचं मिळालं असतं. पण तो माझ्यावर रागावलाच नाही. हाताचं तर त्याने नावही काढलं नाही. बाकावर बसला, तुमच्या समोरच्या त्याच्या नेहमीच्या जागेवर, आणि अगदी हळू म्हणाला, “मग सात वरस मी शेठशी बोललो नाय, ते?”

त्याने पुन्हा विचारलं. या वेळी माझ्याकडे नाही, भिंतीवरच्या तुमच्याकडे बघून विचारलं. “शेठ, ते काय करायचं आता?”

मी कपाट तसंच उघडं ठेवून आत गेले आणि दार ओढून घेतलं. तुमच्या दोघांच्या मध्ये मी खूप वर्षं उभी राहिले होते.